जळकं ऑईल जातं कुठं?

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचं पार्किंग. रविवारची सकाळ. शंभर सीसीची एक मोटारसायकल डबल स्टँडला लावलेली आहे. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद केलंय; तेल पातळ व्हावं, पण हात पोळू नये इतपतच. गाडीखाली पाच लिटरचा जुना प्लास्टिकचा कॅन आडवा कापून केलेलं भांडं सरकवलेलं आहे. गाडीचे मालक पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. सोसायटीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. इंजिनाच्या पोटाखालच्या बोल्टला सतराचा पाना लावून ते एक हिसका देतात, मग पाना बाजूला ठेवून बोल्ट बोटांनी फिरवत आणतात. शेवटच्या आट्याला हात चटकन बाजूला घेतात आणि काळ्या तेलाची धार भांड्यात पडू लागते.

धारेचे थेंब होईपर्यंत अण्णा उठत नाहीत. गाडी थोडी डावीकडे कलवतात, पुन्हा सरळ करतात, आणखी थोडं तेल येतं. बोल्ट जुन्या बनियनच्या तुकड्यावर पुसतात आणि तो तुकडा माझ्यासमोर धरतात. काळ्या डागात बारीक चमक दिसते. "हा गिअर आणि क्लचचा झिजलेला धातू आहे, ताई. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. न दिसणारं कितीतरी तेलात असतं." मग नवा ॲल्युमिनियमचा वायसर, बोल्ट, नऊशे मिलीची नवी बाटली. नवं तेल आत गेलं की त्याच रिकाम्या बाटलीत नरसाळं लावून जुनं तेल ओततात, झाकण घट्ट लावतात आणि मार्करनं त्यावर 'जुने' असं लिहितात.

जिन्याखालच्या फळीवर अशा बाटल्यांची रांग आहे. "कुठं ओतवत नाही," अण्णा म्हणाले, "आणि ठेवून तरी किती ठेवू? तुम्ही लिहिणारी माणसं. विचारा की कुणाला तरी, हे द्यायचं कुठं?"

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'उरलेलं' असा ठरला तेव्हा संपादकांना मी जळक्या ऑईलवर लिहिते म्हणून सांगितलं. पुण्यात दुचाकी नसलेलं घर शोधावं लागतं. स्कूटरमधून एका वेळी पाऊण लिटरच्या आसपास तेल निघतं, मोटारसायकलमधून साधारण लिटरभर, छोट्या कारमधून तीन-साडेतीन लिटर, ट्रॅक्टरमधून त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आपण गाडी गॅरेजला टाकतो आणि बिलावर 'इंजिन ऑईल' अशी ओळ वाचून पैसे देतो. आत गेलेल्या तेलाची किंमत त्या ओळीत असते. बाहेर निघालेल्या तेलाबद्दल बिलावर काहीच नसतं.

तेलाचं नेमकं होतं काय

इंजिनातलं तेल फक्त वंगण म्हणून नसतं. ते आतली उष्णता वाहून नेतं, गंज धरू देत नाही आणि जळणातून उरलेली काजळी धुऊन स्वतःत सामावून घेतं. तेल काळं पडतं ते बहुतांशी या काजळीमुळे. म्हणजे काळं तेल हे काम केलेलं तेल आहे. काजळीसोबत त्यात जळताना तयार झालेलं पाणी आणि आम्लं येतात, थोडं न जळलेलं पेट्रोल किंवा डिझेल येतं, आणि बेअरिंग, पिस्टन, गिअर यांच्या झिजेतून लोह, तांबं, ॲल्युमिनियम, क्वचित शिसं येतं. शिवाय झीज कमी व्हावी म्हणून कंपनीनं मुळातच घातलेली जस्त आणि फॉस्फरसची द्रव्यं असतात. दोन-तीन हजार किलोमीटर तापून-निवून झाल्यावर हे सगळं एकत्र आलेलं असतं.

पण मूळ तेल, ज्याला धंद्यातले लोक बेस ऑईल म्हणतात, ते संपलेलं नसतं. त्यात मिसळलेली रसायनं थकतात, घाण साठते; तेलाचा मूळ रेणू बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणूनच हे तेल पुन्हा शुद्ध करता येतं. अमेरिकेची पर्यावरण संस्था वर्षानुवर्षं एक हिशेब सांगत आली आहे: अडीच क्वार्ट, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास, नवं वंगण तेल मिळवायला कच्चं खनिज तेल ४२ गॅलन, म्हणजे एक अख्खं पिंप लागतं, तर तेवढंच वापरलेल्या तेलाच्या अवघ्या एका गॅलनमधून मिळतं. भारत बहुतेक कच्चं तेल बाहेरून विकत आणतो. त्या दृष्टीनं अण्णांच्या फळीवरच्या बाटल्या हा चांगला माल आहे.

त्याच संस्थेचा दुसरा आकडा उलट बाजूचा आहे. एका गाडीतून एका वेळी निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. तेल पाण्यात विरघळत नाही, पसरतं. पातळ तवंग झाला की हवेतला प्राणवायू खाली उतरायला अडथळा होतो, आणि त्यातले जड धातू व बहुचक्रीय कर्बसंयुगं गाळात जाऊन बसतात.

माणसाच्या कातडीलाही ते सोसत नाही. शुद्ध न केलेल्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पक्का पुरावा असलेल्यांत ठेवलंय. हा पुरावा ठळकपणे आला तो इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांतून. तिथले सूतकातणारे यंत्रावर वाकून काम करत, फिरत्या चात्यांवरचं तेल उडून त्यांच्या पँटी भिजत, आणि वर्षांनी त्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होई. त्या तेलाबद्दलचे खास नियम तिथं १९५३ साली आले, तोवर कित्येक पिढ्या त्या तेलात भिजून गेल्या होत्या. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये तर तापण्यातून तयार झालेली वाईट संयुगं आणखी वाढलेली असतात. आपल्याकडचा गॅरेजमधला पोरगा दिवसभर त्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि संध्याकाळी पेट्रोलनं धुतो.

नाना पेठेतलं बॅरल

नाना पेठ म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दुकानांच्या मधेमधे बोळात छोटी गॅरेजं आहेत. त्यातल्या एकाच्या मालकानं मला बसायला स्टूल दिलं आणि बोलता बोलता स्कूटरचं काम चालू ठेवलं. मागच्या भिंतीशी दोनशे लिटरचं निळं बॅरल होतं, वर जाळी, जाळीवर उलटी घातलेली नरसाळ्यासारखी कापलेली बाटली. दिवसभरात निघालेलं तेल त्यातून निथळत आत जातं.

"हे फेकणारा मूर्ख, ताई. हा पैसा आहे," तो म्हणाला. बॅरल भरत आलं की फोन करायचा, टेम्पोवाला येतो, हातपंपानं किंवा बादलीनं तेल खेचून घेतो आणि लिटरवर रोख मोजून देतो. भाव नव्या तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतो; लिटरला तीस-चाळीस रुपये मिळाले तरी महिन्याचं लाईटबिल निघतं, असा त्याचा हिशेब. पाणी निघालं तर टेम्पोवाला भाव पाडतो, म्हणून पावसाळ्यात बॅरलवर ताडपत्री.

"पुढं कुठं जातं?"

"ते त्याला माहीत. आपण विचारत नाही, तो सांगत नाही."

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं तेल सहसा परवानाधारक पुनर्शुद्धीकरण कारखान्याकडे जातं, कागदोपत्री नोंद होऊन. बोळातल्या बॅरलला मात्र एकापेक्षा जास्त वाटा आहेत. काही तेल मधल्या गोळा करणाऱ्यांमार्फत खरोखरच कारखान्यात पोचतं. काही छोट्या भट्ट्यांत आणि बॉयलरमध्ये फर्नेस ऑईलच्या जागी जळतं, कारण ते स्वस्त पडतं. मग त्यातले धातू धुरावाटे आसपासच्या वस्तीवर उतरतात. काही बांधकामावर जातं. आणि काही पुन्हा बाटलीत.

ही शेवटची वाट सगळ्यांत वाईट. जुनं तेल गाळायचं, ब्लीचिंगच्या मातीतून काढून रंग उजळायचा, थोडा रंग नि वास घालायचा आणि नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकायचं. नकली इंजिन ऑईलचे कारखाने पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. त्या धंद्याचा कच्चा माल म्हणजे एक जळकं ऑईल आणि दुसरा शाबूत रिकामा डबा. म्हणून भंगारात साध्या प्लास्टिकपेक्षा चांगल्या स्थितीतल्या, लेबल न फाटलेल्या ऑईलच्या डब्याला जास्त पैसे देणारी माणसं असतात. वापर झाल्यावर डबा नष्ट करा, असं कंपन्या डब्यावरच बारीक अक्षरात छापतात. ते कोणी वाचत नाही.

गॅरेजवाल्याला मी आणखी एक प्रश्न विचारला. एखाद्यानं घरी ऑईल बदलून बाटली आणून दिली तर घेणार का? तो हसला आणि म्हणाला, "का नाही घेणार? पण आत काय आहे ते मला कळायला हवं. लोक त्यात पेट्रोल घालतात, कूलंट घालतात, ब्रेक ऑईल घालतात. एक बाटली घाण निघाली तर माझं सगळं बॅरल जातं."

या बोळांपासून फार दूर नाही तो नागझरी नाला. पेठांमधून वाहत तो मुठेला मिळतो. मुळा-मुठेचं पाणी पुढं भीमेत जातं आणि भीमा उजनी धरणात. ज्या दिवशी तेल बॅरलऐवजी गटारात जातं, त्या दिवशी त्याचा रस्ता हा आहे. पहिल्या पावसात चौकाचौकांत रस्त्यावर सप्तरंगी तवंग उठतो आणि दुचाक्या घसरतात. तो साचलेला थर याच प्रवासाला निघालेला असतो.

पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या एका ताईंना मी ऑईलबद्दल विचारलं. त्या सुका कचरा निवडत होत्या. "बाटली झाकण लावून वेगळी दिली तर कळतं तरी," त्या म्हणाल्या. "पिशवीत ओतून गाठ मारून देतात. पिशवी फुटली की पुठ्ठा गेला, पेपर गेला. तेलकट पुठ्ठा कोण घेतो? माझी दिवसाची मजुरी त्यात जाते." शहरातल्या कचऱ्याची चर्चा करताना हे नुकसान कोणाच्या हिशेबात येत नाही. एका घरातल्या आळसाचे पैसे दुसरीच्या खिशातून जातात.

स्लॅबखाली

बांधकामावर जळक्या ऑईलला मोठी मागणी आहे. सेंट्रिंगच्या पत्र्यांना आणि फळ्यांना ते लावलं की काँक्रीट चिकटत नाही, पत्रा अलगद सुटतो. काठीला चिंधी गुंडाळून बाई वाकून पत्रे पुसत जाते. हातमोजे नसतात, पायांत चप्पल असली तर असली, साडीचा काठ काळा. स्लॅब ओतायच्या आधी पाऊस आला तर तेल धुऊन खाली मातीत.

या कामासाठी वेगळं शटरिंग ऑईल मिळतं. पाण्यात मिसळून लावायचं, डाग न पाडणारं. ते महाग वाटतं म्हणून ठेकेदार जळकं घेतो. पण अनुभवी इंजिनिअर जळक्या ऑईलच्या विरोधात असतात ते निव्वळ पर्यावरणासाठी नाही: तेल शोषलेल्या काँक्रीटवर काळे डाग राहतात आणि छताचं प्लॅस्टर नीट धरत नाही. घर घेणाऱ्यानं बिल्डरला टाईल्सचा ब्रँड विचारण्याआधी सेंट्रिंगला काय लावता हे विचारावं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या पत्र्यांना पुसणारी बाई हा प्रश्न कधीच विचारू शकणार नाही.

इंदापूरकडं, शेतावर

शहरात तेल निदान विकलं जातं. गावात ते घरीच मुरतं. उजनीच्या फुगवट्यालगत इंदापूर तालुक्यात एका ऊसवाल्याच्या वस्तीवर मी गेले तेव्हा गोठ्याच्या कुडाला काळ्या तेलाचा कॅन टेकवून ठेवलेला होता. ट्रॅक्टरचं ऑईल तिथंच, आंब्याखाली बदलतात. मालकीणबाईंनी त्याचे उपयोग मोजायला सुरुवात केली आणि थांबायचं नाव घेईनात. कुंपणाच्या लाकडी खांबांना बुडाशी लावायचं म्हणजे वाळवी लागत नाही. नांगराच्या फाळाला, कुळवाच्या पासेला लावून ठेवलं की पावसाळ्यात गंज चढत नाही. मोटारसायकलच्या चेनला. कडब्याच्या कुट्टी मशीनला. दाराच्या बिजागरीला. चूल पेटत नसली तर चिंधी भिजवून. आणि जनावराला.

"जनावराला कशाला?"

"गोचीड झाल्यावर. खरजेवर बी लावत्यात. कुत्र्याला तर हेच."

त्यांचे दीर बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "वैनी, मागं ती कालवड चाटूनच आजारी पडली होती, विसरला काय?" बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "व्हय, तवा डॉक्टर लई रागावलं होतं."

पशुवैद्य रागावले याला कारण आहे. गायी-वासरांना तेलकट चव आवडते, ती अंग चाटतात, ऑईल सांडलेली जमीन चाटतात, उघडा कॅन दिसला तर त्यात तोंड घालतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं तेव्हा वापरलेलं इंजिन ऑईल हे गुरांना शिसेबाधा होण्याचं जगभर नोंदलेलं कारण होतं. भारतात २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोल सर्वत्र आलं आणि तो धोका घटला. पण बाकीचे धातू आणि काजळीतली संयुगं तशीच आहेत, शिवाय तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. गोचिडावर औषधं तालुक्याच्या दवाखान्यात मिळतात. जखमेवर किंवा कातडीवर जळकं ऑईल लावणं ताबडतोब थांबायला हवं, यात दुमत असण्याचं कारण नाही.

खांबाला लावण्याचं मात्र मी इतक्या सहज धुडकावणार नाही. शेतकऱ्याकडे जे आहे ते तो वापरतो. कोकणात होड्यांना आणि लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी चाल आहे, ती याच गरजेतून आली. पण मातीत गाडलेल्या खांबाचं तेल मातीतच झिरपतं, आणि ही माती कुठली आहे ते पाहायला हवं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखं गाळून गाळून जात नाही. ते फटींतून आणि भेगांतून धावतं. आंब्याखाली ओतलेलं तेल शंभर हातांवरच्या विहिरीत कोणत्या फटीतून उतरेल हे वरून सांगता येत नाही. त्या वस्तीवरची विहीर आंब्यापासून तेवढ्याच अंतरावर होती. पिण्याचं पाणी तिचंच.

दिरांना मी विचारलं, तालुक्याला कोणी ऑईल घेणारा आहे का? "ट्रॅक्टरच्या शोरूमला बॅरल असतंय. पण पाच-सहा लिटरसाठी कोण जाणार तीस किलोमीटर?" मग स्वतःच म्हणाले, "तसं ऊस घालायला कारखान्यावर जातोच की. तिथं ठेवलं बॅरल तर टाकीन मी." साखर कारखान्यावर हंगामात शेकडो ट्रॅक्टर रोज रांगेत उभे असतात. जिल्ह्याजिल्ह्यात या एका बॅरलची सोय झाली तर किती विहिरी वाचतील याचा विचार कारखान्यांच्या संचालकांनी जरूर करावा.

कायदा बॅरल ओळखतो

वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ते नाव घेऊन आहे. ते साठवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, हलवताना फॉर्म १० भरावा लागतो, घेणाऱ्याकडे नोंदणी लागते. पुनर्शुद्धीकरणाला जाणाऱ्या तेलात शिसं, आर्सेनिक, पीसीबी नावाची विषारी रसायनं किती असावीत याच्या मर्यादा पाचव्या अनुसूचीत आहेत. नियम चांगले आहेत. पण ते कारखाने आणि आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. त्यांना दोनशे लिटरचं बॅरल दिसतं, जिन्याखालची बाटली दिसत नाही.

घरातला घातक कचरा आला तो त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत. त्यात रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, बल्ब, ट्यूबलाईट, मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या, सुया अशी नावं घेतली होती. इंजिन ऑईलचं नाव तिथं नव्हतं, ते 'इत्यादी'त मोडत होतं. शहरांनी दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र उभारावं असंही त्या नियमांत लिहिलेलं होतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं, गॅरेजवाले, सोसायटीचे सचिव, कचरा वेचणाऱ्या ताई, त्यांपैकी कोणी असं केंद्र ऑईल घेताना पाहिलेलं नव्हतं.

अलीकडे एक मोठा बदल झालाय आणि तो आशेचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं घातक कचरा नियमांत दुरुस्ती करून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकली. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. कंपनी जेवढं तेल विकते त्याच्या ठरावीक हिश्शाइतकं वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध झालंय, हे तिनं नोंदणीकृत कारखान्यांकडून प्रमाणपत्र घेऊन दाखवायचं. सुरुवात ५ टक्क्यांनी, पुढं वाढत ५० टक्क्यांपर्यंत. याचा जमिनीवरचा अर्थ असा की आता कागदावर आलेल्या तेलाला नुसत्या तेलापेक्षा जास्त मोल आहे. गोळा करणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. बोळातल्या टेम्पोवाल्यानं रोखीऐवजी पावती द्यायला लागावं, यासाठी इतकी वर्षं कुणाकडे कारणच नव्हतं. ते आता तयार झालंय.

जर्मनीत याहून साधी तरतूद आहे. तिथं इंजिन ऑईल विकणाऱ्या दुकानदारानं गिऱ्हाईकाला जेवढं नवं विकलं तेवढं जुनं फुकट परत घ्यावंच लागतं. स्वतःकडे नाहीतर जवळच्या ठरलेल्या जागी. अमेरिकेत सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत मागच्या बाजूला टाकीच असते. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा घरच्या ड्राईव्हवेवर स्वतः ऑईल बदलतो, जुनं तेल झाकणाच्या भांड्यात भरून दुकानात नेऊन ओततो आणि घरी येतो. त्याला त्यात विशेष काही वाटत नाही. इकडे अण्णांचं तेच काम फळीवर अडून बसलंय.

कारखान्याच्या आत

एका एमआयडीसीतल्या पुनर्शुद्धीकरण कारखान्यात गेले तेव्हा आधी नाकात शिरला तो वास, उग्र, जळकट, डोळ्यांत पाणी आणणारा. टँकरमधून उतरलेलं तेल आधी गाळतात आणि स्थिर ठेवतात. पाणी आणि गाळ तळाला बसतो. मग तापवून उरलेलं पाणी आणि पेट्रोल-डिझेलचा हलका अंश उडवतात. खरं काम पुढच्या टप्प्याचं. तेल उघड्या हवेत उकळायला गेलं तर ते उकळण्याआधी फुटतं, म्हणून पात्रातली हवा काढून निर्वातात, कमी तापमानाला त्याची वाफ करतात. गरम नळीच्या आतल्या भिंतीवर फिरती पाती तेलाचा पातळ पापुद्रा पसरवत जातात, वाफ वर निघून थंड होते आणि जड काळा गाळ खाली राहतो. थंड झालेलं तेल मातीतून गाळून किंवा त्याला हायड्रोजनची प्रक्रिया देऊन रंग-वास काढतात. शेवटी काचेच्या नळीत मधासारखं पिवळसर बेस ऑईल दाखवलं, त्यातून हाताच्या रेषा दिसत होत्या.

पूर्वी हेच काम गंधकाम्ल घालून व्हायचं. तेल स्वच्छ निघायचं, पण मागं आम्लाचा चिखल उरायचा, त्याचं काय करायचं हे कुणाला कळत नसे आणि तो ओढ्यात जायचा. आता आम्ल-मातीची ती पद्धत परवानगी मिळणाऱ्या तंत्रांत बसत नाही. परवाना नसलेल्या शेडमध्ये मात्र स्वस्त म्हणून तीच चालते. तेल कोणाकडे जातं हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तिथल्या केमिस्टबाईंनी सांगितलं की त्यांची खरी डोकेदुखी काजळी नाही, भेसळ आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल नळ्यांत चिकटतं, थिनर आणि क्लोरीनची द्रावणं यंत्र खातात, खाद्यतेल मिसळलं तर साबणासारखा फेस येतो. "तेल कितीही काळं आणा," त्या म्हणाल्या, "फक्त तेलच आणा."

तोवर घरी

ज्यांना घरी ऑईल बदलायचंय त्यांनी अण्णांची पद्धत उचलावी. भांडं रुंद आणि कोरडं घ्या, खाली जुनी वर्तमानपत्रं नाहीतर भुसा पसरा. नायट्राईलचे हातमोजे औषधाच्या दुकानात मिळतात; ते घाला, आणि हात साबणानं धुवा, पेट्रोलनं कधीच नाही. जुनं तेल नव्याच्या बाटलीतच भरा, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत चुकूनही नाही; घरात मुलं असतात. त्यात दुसरं काही मिसळू नका. फिल्टर असेल तर त्याला भोक पाडून रात्रभर उलटा निथळत ठेवा, त्यातही बरंच तेल असतं. सांडलं तर पाणी मारू नका. भुसा, राख किंवा कोरडी माती टाका, ती तेल पिऊन घेते, मग झाडून वेगळी बांधा.

दोन-तीन बाटल्या साठल्या की गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. बहुतेक ठिकाणी मागे बॅरल असतं. व्यवस्थापकाला नीट सांगितलं आणि तेल स्वच्छ असलं तर ते घेतात, असा अण्णांचा अनुभव या लेखाच्या निमित्तानं झाला. नेहमीचा गॅरेजवाला असेल तर त्याला विचारा की टेम्पोवाला पावती देतो का. रिकामी झालेली बाटली सुईनं भोकं पाडून, लेबल फाडूनच भंगारात द्या.

सोसायट्यांनी एक पन्नास लिटरचा झाकणाचा कॅन पार्किंगच्या कोपऱ्यात, कुलपात ठेवला आणि तो भरल्यावर नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला बोलावलं तर एका इमारतीचा प्रश्न मिटतो. गणपतीच्या वर्गणीइतकीही दगदग त्यात नाही.

पण मोठं काम दुकानाच्या काउंटरवर आहे. ज्या दुकानातून ऑईल घेता तिथं पुढच्या वेळी विचारा: जुनं परत घेता का? नाही म्हणाले तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तेच विचारा, तो बाटलीवर छापलेला असतो. कंपन्यांना आता वापरलेल्या तेलाची प्रमाणपत्रं हवी आहेत, आणि ते तेल आपल्या जिन्याखाली आहे. देणारा आणि घेणारा दोघंही तयार आहेत. मधे फक्त एक बॅरल ठेवायचं राहिलंय. ते दुकानात ठेवलं जावं म्हणून गिऱ्हाइकांनी मागणी करायला हवी, आणि ती या दिवाळीतच करावी.